एकट्याचा 'नाही' महाग पडतो

'चहापाणी' मागणाऱ्याला नकार द्यायचा, तर नोकरी पणाला लावावी लागते का? जगभरच्या बिझनेस असोसिएशन्सनी यावर एक फंडा शोधलाय: नकार द्यायचा, पण सगळ्यांनी मिळून!

शुक्रवार. संध्याकाळचे साडेसहा. तुम्ही लॅपटॉप बंद करायच्या बेतात आहात. ग्रुपवर प्लॅन ठरलाय, नऊच्या शोची तिकिटंही काढून झालीत. आणि फोन वाजतो. पलीकडे क्लिअरिंग एजंट.

"मॅडम, आपला कंटेनर अडकलाय. पेपर्स सगळे ओके आहेत. पण साहेब म्हणतात आज नाही होणार. थोडं बघावं लागेल."

'थोडं बघावं लागेल.' या तीन शब्दांचा अर्थ सांगायला डिक्शनरी लागत नाही. सोमवारी माल पोचला नाही तर क्लायंटची लाइन बंद पडणार. पोर्टवर डेमरेजचं मीटर चालू. बॉसला फोन लावावा तर तो म्हणणार, "बघ काय ते. मला डिटेल्स नकोत." मग एजंटच्या पुढच्या बिलात 'संकीर्ण खर्च' नावाची एक ओळ वाढते. कुठे तिला 'लायझनिंग' म्हणतात, कुठे 'स्पीड मनी'. व्हाउचर तयार होतं. आणि त्यावर सही कोणाची? बॉसची नाही, एजंटची नाही. तुमची!

अशा वेळी आपण स्वतःला दोनच ऑप्शन्स देतो. एकतर 'सिस्टिमच अशी आहे बॉस' म्हणून सही ठोकायची आणि पिक्चर गाठायचा. नाहीतर एकदम हिरोगिरी करून नाही म्हणायचं आणि सोमवारी सगळ्यांच्या शिव्या खायच्या. तिसरा ऑप्शन आहे का? आहे. आणि तो शोधून काढलाय धंदा करणाऱ्यांनीच.

रांगेचा फंडा

आधी एक सोपा प्रश्न. मुंबईत बेस्टच्या स्टॉपवर लोक रांग का लावतात? तिथे पोलीस नसतो, दंड नसतो. तरी माणसं निमूटपणे एकामागे एक उभी राहतात. कारण पुढचाही उभा आहे आणि मागचाही. रांग मोडून एखादा घुसला की पाचजण एकदम ओरडतात, "ओ भाऊ, लाइन आहे!" आता हीच माणसं लोकलच्या दारात बघा. तिथे रांगच नाही. मग एकट्याने सभ्यपणे 'आधी आपण' म्हणायचं ठरवलं, तर तो प्लॅटफॉर्मवरच राहतो. माणसं तीच, संस्कार तेच. फरक एवढाच, की एकीकडे सगळे नियम पाळतायत याची खात्री आहे आणि दुसरीकडे नाही.

लाचेचं अगदी असंच आहे. तुमच्या कंपनीने पैसे द्यायचं बंद केलं आणि शेजारच्या कंपनीने चालू ठेवलं, तर तिचा कंटेनर आज सुटतो आणि तुमचा मंगळवारी. प्रामाणिकपणाचं बिल एकट्या तुमच्या नावावर फाटतं. म्हणून बहुतेक कंपन्या पॉलिसीत 'झीरो टॉलरन्स' लिहितात आणि प्रत्यक्षात एजंटला मध्ये घालून डोळे मिटतात. पण त्या धंद्यातल्या निम्म्या कंपन्यांनी एकाच वेळी खिसा बंद केला तर? मागणाऱ्याला अडवायचं तरी किती जणांना? मॅनेजमेंटच्या भाषेत याला 'कलेक्टिव्ह अॅक्शन' म्हणतात. आपल्या भाषेत, रांग लावणं.

सिगारेटच्या कार्टनवर चालणारा कालवा

ही आयडिया कागदावर छान वाटते. पण प्रत्यक्षात चालते का? यासाठी जरा समुद्रावर जाऊ. तुमच्यापैकी कोणाचा मामा, काका, नाहीतर शाळेतला मित्र मर्चंट नेव्हीत असेल. कोकणात तर अशी कितीतरी घरं आहेत, जिथला एकजण जहाजावर असतो. त्याला विचारा, 'मार्लबोरो कॅनॉल' म्हणजे काय? तो हसेल. दर्यावर्दी लोकांनी सुएझ कालव्याला ठेवलेलं हे नाव. जहाज कालव्यातून न्यायचं, तर वर चढणाऱ्या माणसांना सिगारेटची कार्टन्स द्यायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. नाही दिली तर? काहीतरी खोट निघते, उशीर होतो, कधी कधी दमदाटीही होते.

आता कॅप्टनच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मोठ्या जहाजाचा एका दिवसाचा खर्च हजारो डॉलर्सच्या घरात. समोरचा माणूस मागतोय चार कार्टन्स. हिशोब काय सांगतो? देऊन टाक! प्रत्येक कॅप्टन हाच हिशोब करतो आणि प्रत्येक वेळी मागणाऱ्याची भूक थोडी वाढते. शुक्रवारचा तुमचा कंटेनर आणि हे जहाज, गणित एकच.

२०११ मध्ये काही शिपिंग कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी 'मेरिटाइम अँटी-करप्शन नेटवर्क' सुरू केलं. सुरुवातीच्या मोजक्या मंडळींत डेन्मार्कची मर्स्क होती. या कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. एकाच मालासाठी भांडणाऱ्या. तरी एका मुद्द्यावर त्यांचं जमलं: ही चिरीमिरी सगळ्यांनाच महाग पडतेय आणि एकटं कोणीच ती थांबवू शकत नाही. टायमिंगही बघा. अमेरिकेचा परदेशातल्या लाचेविरुद्धचा कायदा १९७७ पासूनच होता, पण २०१० मध्ये ब्रिटनने आणखी कडक कायदा केला आणि तो २०११ मध्ये लागू झाला. म्हणजे कंपन्यांना अचानक साधुत्व सुचलं असं नाही, कायद्याची भीतीही होती. असू दे की! चांगल्या सवयी बऱ्याचदा भीतीनेच लागतात. आज या नेटवर्कमध्ये दोनशेहून जास्त कंपन्या आहेत.

त्यांनी नेमकं केलं काय? पहिली गोष्ट, तक्रारींचा एक समाईक साठा. कुठल्या बंदरात, कुठल्या कामासाठी, काय मागितलं, हे कॅप्टन नाव न सांगता कळवू शकतो. एका कॅप्टनची तक्रार म्हणजे रडगाणं. शेकडो कॅप्टन्सच्या तक्रारी एकत्र केल्या की ते होतं पुराव्याचं पुस्तक. मग ते घेऊन सरकारच्या दारात जाता येतं.

दुसरी गोष्ट, 'नाही' म्हणण्याची एकच पद्धत. २०१५ मध्ये सुएझसाठी 'से नो' नावाची मोहीम झाली. त्यात भाग घेणाऱ्या जहाजांचा मेसेज एकच, की आम्ही कोणीच देत नाही. कॅप्टनच्या दृष्टीने केवढी सोय! तो कंजूस ठरत नाही, उर्मट ठरत नाही. "माझ्या हातात काही नाही साहेब, सगळ्याच कंपन्यांचा नियम आहे," एवढं म्हटलं की झालं. एकट्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं संघटनेच्या खांद्यावर गेलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: लाच जिथून उगवते ती फट शोधायची. अर्जेंटिनाचं उदाहरण बघा. तिथे धान्य भरायला येणाऱ्या जहाजाचे हौद स्वच्छ आहेत की नाहीत, हे इन्स्पेक्टर ठरवायचा. तो 'अस्वच्छ' म्हणाला की संपलं. पुन्हा सफाई, पुन्हा खर्च, पुन्हा थांबणं. एकाच माणसाच्या हातात सगळा निर्णय आणि वर दाद मागायची सोय नाही. म्हणजे पैसे मागायला यापेक्षा चांगली जागा कुठली? नेटवर्कने तिथल्या सरकारी यंत्रणेबरोबर बसून नियमच बदलून घेतले. २०१७ मध्ये नवी पद्धत आली. तपासणीवर उलटतपासणी, वाद झाला तर तो वर नेण्याची ठरलेली पायरी आणि सगळ्याची कॉम्प्युटरवर नोंद. इन्स्पेक्टरला कोणी प्रवचन दिलं नाही. त्याची मनमानी करायची जागा तेवढी काढून घेतली. तक्रारी झपाट्याने कमी झाल्या.

आणि ही गोष्ट फार लांबची वाटत असेल तर ऐका. २०१९ मध्ये याच नेटवर्कने भारत सरकार, आंतरराष्ट्रीय संस्था आणि इथल्या शिपिंग व्यवसायातल्या मंडळींबरोबर एक प्रायोगिक मोहीम केली. कुठे? मुंबई बंदर आणि न्हावाशेवा, म्हणजे आपल्या घराच्या दारात. पोर्टवरच्या अधिकाऱ्यांसाठी ट्रेनिंग, आणि कोणी काही मागितलं तर तक्रार कुठे आणि कशी वर न्यायची याची स्पष्ट पद्धत. यामुळे रातोरात रामराज्य आलं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण 'तक्रार करायची तर करायची कुणाकडे?' हा आपला कायमचा प्रश्न. त्याला निदान एक पत्ता मिळाला.

मुंबई, गांधीजयंती, १९६६

'एथिक्स वगैरे सगळं फॉरेनचं फॅड आहे,' असं ऑफिसात कोणी म्हणालं, तर त्याला ही गोष्ट सांगा. साल १९६६. दुष्काळ, टंचाई, रेशनच्या रांगा. त्या जून महिन्यात रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर गेला. आपल्या आजीला विचारा, त्या काळात दुकानदार कसा माल 'संपला' म्हणायचा आणि मागच्या दाराने कसा विकायचा. व्यापारी म्हटलं की साठेबाज, ही इमेज पक्की झालेली.

त्याच वर्षी मुंबईत दोन गोष्टी घडल्या. एक, नऊ गृहिणी एकत्र आल्या आणि त्यांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. भेसळ आणि फसवणूक यांविरुद्ध ग्राहकांची बाजू घेणारी संस्था. दुसरी, २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, उद्योगपतींनी स्वतःसाठीच एक संघटना काढली: फेअर ट्रेड प्रॅक्टिसेस असोसिएशन. त्यात जे. आर. डी. टाटा होते, रामकृष्ण बजाज होते, अरविंद मफतलाल होते. हीच संस्था पुढे कौन्सिल फॉर फेअर बिझनेस प्रॅक्टिसेस या नावाने ओळखली जाऊ लागली.

तिची आचारसंहिता वाचण्यासारखी आहे. भारी भारी शब्द नाहीत, सरळ धंद्याची भाषा. रास्त भाव लावायचा आणि तो ग्राहकाला कळेल असं बघायचं. टंचाईच्या काळात माल दडवायचा नाही. भेसळ करायची नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती द्यायच्या नाहीत. वजन-मापात काटा मारायचा नाही. चोरट्या मार्गाने आलेला माल जाणूनबुजून विकायचा नाही. आयात-निर्यातीच्या बिलावर खरी किंमत लिहायची. यातला प्रत्येक नियम म्हणजे त्या काळी बाजारात काय काय चालायचं, त्याचा कबुलीजबाबच म्हणा ना!

या कौन्सिलने आणखी एक चांगलं काम केलं. ग्राहक आणि कंपनी यांच्यात भांडण झालं तर कोर्टात जाण्याआधी मध्यस्थी करायची. आणि चांगलं वागणाऱ्या उद्योगांना जमनालाल बजाज यांच्या नावाने पुरस्कार द्यायचे. वर्ध्याच्या ज्या जमनालालजींना गांधीजी आपला पाचवा मुलगा मानत, त्यांचं नाव.

मग तीस-बत्तीस वर्षांनी दुसरं पाऊल पडलं. उदारीकरण झालं, शेअर बाजार सामान्य माणसाच्या घरात आला, आणि हर्षद मेहता प्रकरणाने १९९२ मध्ये सगळ्यांना हादरवलं. कंपनीच्या बंद दारामागे काय चालतं, हे भागधारकाला कळायचं कसं? कॉन्फेडरेशन ऑफ इंडियन इंडस्ट्री, म्हणजे सीआयआयने १९९६ मध्ये एक गट नेमला. अध्यक्ष होते पुण्याचे राहुल बजाज. एप्रिल १९९८ मध्ये या गटाने कॉर्पोरेट गव्हर्नन्सची आचारसंहिता जाहीर केली. बोर्डावर स्वतंत्र संचालक हवेत, ऑडिट कमिटी हवी, वगैरे वगैरे. तेव्हा ती ऐच्छिक होती. पाळा किंवा सोडा. पण १९९९ मध्ये सेबीने कुमारमंगलम बिर्ला समिती नेमली आणि २००० मध्ये लिस्टिंग करारात सुप्रसिद्ध 'क्लॉज ४९' आला. जे कालपर्यंत ऐच्छिक होतं, ते लिस्टेड कंपन्यांना बंधनकारक झालं. आधी आपणहून रांग लावली, मग सरकारने तिथे रेलिंग टाकली!

पण ट्रॉफी म्हणजे कॅरेक्टर नव्हे

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, वा, सगळं गोडगोड! थांबा. आता दुसरी बाजू.

७ जानेवारी २००९. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की वर्षानुवर्षं हिशोब फुगवलेले होते. आकडा सात हजार कोटींच्या वर. देशाच्या आयटी इंडस्ट्रीला एवढा मोठा धक्का कधी बसला नव्हता. आता यातली गंमत म्हणा किंवा शोकांतिका. हेच राजू २००६-०७ मध्ये नॅसकॉमचे, म्हणजे आयटी कंपन्यांच्या देशातल्या सगळ्यात मोठ्या संघटनेचे अध्यक्ष होते. आणि सत्यमला २००८ मध्ये गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. कशासाठी? उत्तम कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी! घोटाळा बाहेर आल्यावर तो परत घेतला गेला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू यांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यावर अपील झालं आणि शिक्षेला स्थगिती मिळाली.

नॅसकॉमने त्यानंतर नारायण मूर्ती यांच्या अध्यक्षतेखाली गव्हर्नन्स आणि एथिक्ससाठी समिती नेमली, २०१० मध्ये तिचा अहवालही आला. चांगलं झालं. पण घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावण्यातलाच हा प्रकार.

दुसरं उदाहरण त्याहून बोचरं. व्यापाऱ्यांची संघटना म्हणजे स्पर्धकांना एका टेबलावर बसवणारी जागा. तिथे लाच बंद करायचं ठरू शकतं, तसंच भाव वाढवायचंही ठरू शकतं. जून २०१२ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने अकरा सिमेंट कंपन्या आणि त्यांची संघटना यांना मिळून सहा हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. आरोप असा, की संघटनेच्या माध्यमातून भाव आणि उत्पादनाची माहिती एकमेकांना देऊन त्यांनी संगनमत केलं. पुढे अपिलं झाली, आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये दंड नव्याने लावला गेला आणि २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं. नवीन फ्लॅटचं बुकिंग करताना 'मटेरियल महागलंय' असं बिल्डर सांगतो ना? तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

म्हणजे रांगही दोन प्रकारची असते. एक, बसमध्ये शिस्तीत चढायला. दुसरी, बाकीच्यांना बसमध्ये चढू न द्यायला!

खरी संघटना ओळखायची कशी?

तुमची कंपनी कुठल्या ना कुठल्या असोसिएशनची मेंबर असणारच. रिसेप्शनला सर्टिफिकेट लटकलेलं असतं. त्याचा उपयोग किती, हे ओळखायला चार प्रश्न पुरेत.

एक: तक्रार कुठे करायची? नाव न सांगता करता येते का? आचारसंहिता सुंदर छापलेली आहे, पण तक्रारीला फोन नंबर नाही, असं असेल तर ते फक्त कॅलेंडर.

दोन: तक्रारींचं पुढे काय होतं? मोजल्या जातात का? त्या घेऊन कोणी सरकारकडे जातं का, की फायलीत झोपतात?

तीन: मेंबरनेच नियम मोडला तर? आजवर एकाला तरी बाहेरचा रस्ता दाखवलाय का? फक्त पुरस्कार देणारी आणि कधीच कोणाला जाब न विचारणारी संघटना म्हणजे नुसतं गॅदरिंग.

चार: ही संघटना नियम सोपे करायला झटते का? लाच बहुतेक वेळा किचकट फॉर्म आणि एकाच साहेबाच्या मर्जीतून उगवते. अर्जेंटिनातल्या जहाजांचा धडा हाच.

चालणाऱ्या कामाला पैसा कुठून येतो, तेही बघण्यासारखं. जर्मनीच्या सीमेन्स कंपनीचं लाच प्रकरण २००६ मध्ये फुटलं. २००८ मध्ये अमेरिका आणि जर्मनीच्या यंत्रणांशी तडजोड करताना कंपनीने एकूण सुमारे १६० कोटी डॉलर्स मोजले. मग २००९ मध्ये वर्ल्ड बँकेबरोबर समझोता झाला. त्यात कंपनीने पंधरा वर्षांत १० कोटी डॉलर्स द्यायचे ठरलं. कशाला? जगभर भ्रष्टाचाराविरुद्ध अशी सामूहिक कामं उभी करायला. ज्याने रांग मोडली, त्यालाच रांगेच्या रेलिंगचे पैसे भरायला लावले!

आणि तुमची सही?

हे सगळं झालं कंपन्यांचं. पण व्हाउचरवर सही तुमची आहे, हे विसरू नका. कारण २०१८ मध्ये आपल्याकडचा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला. २६ जुलै २०१८ पासून सरकारी नोकराला लाच देणं हाही थेट गुन्हा झाला. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. 'सगळेच देतात' हा बचाव कोर्टात चालत नाही. 'एजंटने दिले, मी नाही' हाही नाही. दुसऱ्याच्या हातून दिलेलंही त्यात येतं.

पण या कायद्यात एक खिडकी आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. तुमच्यावर जबरदस्ती झाली म्हणून द्यावं लागलं असेल, तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलंत, तर तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. सात दिवस! पुढचा शुक्रवार यायच्या आत. महाराष्ट्रात अँटी करप्शन ब्युरोची हेल्पलाइन आहे १०६४.

कंपनीलाही हा कायदा सोडत नाही. कंपनीच्या फायद्यासाठी कोणी लाच दिली तर कंपनीला दंड होतो. सुटायचं असेल तर एकच मार्ग: असं होऊ नये म्हणून आम्ही पुरेशी व्यवस्था केली होती, हे सिद्ध करायचं. आणि डायरेक्टर किंवा मॅनेजरच्या संमतीने झालं असेल तर त्यालाही तुरुंगाची हवा. 'मला डिटेल्स नकोत' म्हणणाऱ्या बॉसला ही ओळ जरूर फॉरवर्ड करा. अर्थात जरा गोड शब्दांत!

बॉक्स: सोमवारी ऑफिसात करायच्या पाच गोष्टी

• एचआरला विचारा, आपली गिफ्ट पॉलिसी काय? दिवाळीला व्हेंडरकडून आलेला ड्रायफ्रूटचा बॉक्स चालतो, पण सोन्याचं नाणं? रेषा आधीच ठाऊक असली की ऐन वेळी लाजायला होत नाही.

• एजंटच्या बिलात 'संकीर्ण' दिसलं की एकच प्रश्न: "पावती?" हा शब्द ई-मेलवर विचारा, तोंडी नको.

• लिस्टेड कंपनीत असाल तर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तक्रारीची अंतर्गत व्यवस्था असलीच पाहिजे. तिचा पत्ता शोधून ठेवा.

• मागणी झाली की तारीख, वेळ, जागा, शब्द लगेच लिहून ठेवा. आठवणीपेक्षा डायरी भक्कम.

• एकट्याने लढू नका. आधी टीममध्ये बोला, मग बॉसशी, आणि बॉसला म्हणा, आपल्या असोसिएशनमध्ये हा विषय काढा.

पुन्हा तोच फोन

तर शुक्रवार, साडेसहा. एजंट लाइनवर आहे. "मॅडम, काय करू?"

आता एक कल्पना करा. तुमच्या कंपनीच्या, शेजारच्या कंपनीच्या आणि पलीकडच्या तिसऱ्या कंपनीच्या टेबलावर हाच फोन आलाय. तिन्हीकडे तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच पिक्चरची तिकिटं काढून बसलेली मुलं-मुली आहेत. तिघांनाही वाटतंय, मी एकटी काय करणार? आणि तिघंही सही करतात. तिघांनी एकमेकांना आधी एक फोन केला असता तर?

असोसिएशन म्हणजे शेवटी हेच, तो एक फोन आधीच करून ठेवणं. मग शुक्रवारी तुम्हाला हिरो व्हावं लागत नाही. शांतपणे एवढंच म्हणायचं, "सॉरी, आमच्याकडे कोणीच देत नाही. नियमात काय बसतं ते लेखी कळवा, मी सोमवारी वर पाठवते."

कंटेनर त्या दिवशी कदाचित सुटणार नाही. बॉसचा चेहरा पडेल. पण तुमच्या मागे रांग उभी आहे हे समोरच्याला कळलं, की पुढच्या वेळी 'थोडं बघावं लागेल' म्हणताना तोही थोडा विचार करेल. आणि हो, नऊचा शो मात्र तुम्ही गाठालच. फोन ठेवा आणि निघा!